कोण्या गावचे हैत हे?

मोबाईलवर एक जुना फोटो उघडून मी आजीपुढं धरला. तिनं आधी पदरानं चष्मा पुसला, मग फोन स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. फोटोत काही तरणी माणसं आहेत. अंगावर लंगोटीशिवाय काही नाही. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा वर आलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या. मला वाटलं होतं ती डोळ्याला पदर लावेल, निदान चुकचुकेल तरी. तिनं तसलं काही केलं नाही. एवढंच विचारलं, "कोण्या गावचे हैत हे?"

मी म्हणालो, आपल्याकडचेच आहेत, औरंगाबादचे. सव्वाशे वर्षांमागचा फोटो आहे.

"औरंगाबाद केवढं मोठं हाय. गाव कोणतं? कुणाची लेकरं हैत?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि फोटोसोबतच्या नोंदीतही ते नाही. नोंदीत साल आहे, १८९९-१९००. जागा आहे. काढणाऱ्याचं नाव आहे, राजा दीनदयाळ. हे फोटो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या संग्रहात आहेत, म्हणजे ते कुणाकडून आले हेही कळतं. जे उपाशी उभे आहेत त्यांच्याबद्दल मात्र या मालिकेतल्या मथळ्यात शब्द आहेत 'टाइप्स ऑफ इमॅसिएशन'. मराठीत सांगायचं तर, रोडावलेपणाचे नमुने.

त्या दिवसापासून आजीचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मराठवाड्यातल्या माणसांची जुनी छायाचित्रं, ती लंडनला असोत, दिल्लीला असोत की गेवराई-उदगीरच्या एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर, त्यांच्या प्रती इथं आणून लोकांसमोर ठेवल्या पाहिजेत. आणि त्यातली जी माणसं अजून ओळखू येण्यासारखी आहेत त्यांची नावं त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारून लिहून घेतली पाहिजेत. हे सार्वजनिक काम आहे, सार्वजनिक पैशानं व्हायला हवं, आणि त्याला वेळ फार थोडा उरला आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी कामाच्या वयात पाहिला ती माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

दीनदयाळ यांच्यापासून सुरुवात करतो, कारण या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे आणि माझी तक्रारही त्यांच्या कामापासूनच सुरू होते.

लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा, जैन जवाहिऱ्यांच्या घरातला. रूडकीच्या थॉमसन कॉलेजात ते स्थापत्य शिकले आणि इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रकं करण्याच्या नोकरीला लागले. १८७४ च्या सुमारास छंद म्हणून त्यांनी कॅमेरा हातात घेतला. मध्य भारतातल्या वास्तूंच्या त्यांच्या फोटोंनी इंग्रज अधिकाऱ्यांचं लक्ष वेधलं, पुढं नोकरी सुटली, आणि १८८० च्या दशकात ते हैदराबादला सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार झाले. इंदूर, सिकंदराबाद, मुंबई इथं त्यांचे स्टुडिओ होते. १८९२ मध्ये हैदराबादेत त्यांनी पडद्यातल्या बायकांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि त्यावर एक इंग्रज बाई नेमली. १८९४ मध्ये निजामानं 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली. १९०५ मध्ये ते गेले.

नुसत्या या यादीवरून ते दरबाराची शोभा वाढवणारे फोटोग्राफर वाटतील, आणि त्यांची ओळख बहुतेक ठिकाणी तशीच करून दिली जाते. सोन्याच्या जरीत बसलेले जहागीरदार, मेजवान्या, शिकारी, १९०२ मधला मारलेल्या वाघाजवळ उभ्या कर्झन पतीपत्नींचा फोटो. पण त्यांच्या अंगातली बांधकाम खात्याची शिस्त कधी गेली नाही. काचेच्या जड प्लेटा, पेटीएवढा कॅमेरा, तिपाई, अंधारखोलीचा तंबू आणि रसायनं बैलगाडीत घालून माणसं बरोबर न्यायची, असा तो काळ होता. एक प्लेट वाया गेली तर पुन्हा सगळी मांडामांड. त्यामुळे फोटो घेण्याआधी विचार करावा लागे, आणि त्यांच्या प्रत्येक चौकटीत तो विचार दिसतो. १८९२ च्या निजामी मुलखाच्या त्यांच्या संचात आपला भाग आहे: वेरूळची लेणी, देवगिरीचा किल्ला, बीबी का मकबरा. वेरूळच्या खांबांवरचा उजेड त्यांनी जसा पकडला आहे तसा आजच्या महागड्या कॅमेऱ्यांनाही सहसा पकडता येत नाही. मी हे वेरूळला पंचवीसेक खेपा केलेला माणूस म्हणून सांगतो.

त्या काळात लेण्यांच्या, देवळांच्या फोटोत खांबाशेजारी एखादा माणूस उभा केलेला असायचा. खांब किती उंच आहे हे बघणाऱ्याला कळावं म्हणून. तो माणूस तिथला रखवालदार असेल, गाडीवान असेल, सामान वाहणारा हमाल असेल. कुणीही चाललं असतं. तो मोजपट्टी म्हणून उभा होता आणि मोजपट्टीला कुणी नाव विचारत नाही.

दुष्काळाच्या फोटोंकडं बघताना मला ती मोजपट्टी आठवते. वेरूळला माणूस खांबाचं माप द्यायला उभा होता, औरंगाबादला माणूस भुकेचं माप द्यायला उभा आहे. दोन्हीकडं बघणाऱ्याला जे हवं होतं ते मिळालं. दोन्हीकडं माणूस कोण होता ते राहून गेलं.

हा दोष एकट्या दीनदयाळांवर घालणं अन्याय होईल. 'टाइप्स' हा त्या जमान्याचा लाडका शब्द होता. १८६८ ते १८७५ या काळात सरकारनं 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्यात देशभरातल्या माणसांचे साडेचारशेहून जास्त फोटो आहेत, आणि बहुतेकांच्या खाली माणसाऐवजी जातीचं किंवा जमातीचं नाव आहे. १८७६-७८ च्या मद्रासच्या दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्यानं हाडांचे सापळे झालेल्या माणसांना ओळीत बसवून फोटो काढले. फोटो झाल्यावर त्या माणसांचं काय झालं, हा प्रश्न त्याला त्या काळातही विचारला गेला होता. दीनदयाळ या परंपरेत काम करत होते, आणि तेही नेमून दिलेलं काम. निजाम सरकारच्या दुष्काळी मदतकार्याची नोंद करायची होती. नोंद वर पाठवायची होती. वरच्यांना नावं नको होती, प्रमाण हवं होतं.

प्रमाणही भयानक होतं. १८९९ ला पावसानं पाठ फिरवली. आपल्याकडं अजूनही म्हातारी माणसं 'छप्पनचा दुष्काळ' म्हणतात, ते विक्रम संवत १९५६ वरून. १८९१ च्या जनगणनेत औरंगाबाद जिल्ह्यात सव्वाआठ लाखांवर माणसं होती. १९०१ ला ती सव्वासात लाखांच्याही खाली आली. दहा वर्षांत एका जिल्ह्यातून लाखभर माणूस कमी झाला. काही मेले, काही परागंदा झाले. हा आकडा एका ओळीत लिहून होतो. तो लिहून झाल्यावर मी पुन्हा फोटोकडं वळतो, कारण त्या लाखातले मला डोळ्यांनी दिसणारे हे एवढेच आहेत, आणि ते कोण होते हे मला सांगता येत नाही.

आमच्या एका प्राध्यापक मित्राचं म्हणणं असं की हे फोटो सत्तेनं सत्तेसाठी काढलेले, त्यात गरिबाची विटंबना आहे, तेव्हा ते पुन्हा पुन्हा दाखवूच नयेत. मला हे पटत नाही. दीनदयाळांनी ती प्लेट वाया घालवली असती तर आज आपल्याकडं जनगणनेच्या आकड्यापलीकडं काही उरलं नसतं. ज्या कॅमेऱ्यानं नवाबाची जरतार टिपली त्याच कॅमेऱ्यानं, तेवढ्याच नीट फोकसमध्ये, तेवढ्याच कसबानं उपाशी माणसाची कातडी टिपली. दरबारी माणसानं हे केलं याचं मोल मी कमी मानत नाही. फोटो अपुरा राहिला हे खरं. मग तो झाकून ठेवण्यापेक्षा जिथं अजून जमण्यासारखं आहे तिथं ती उणीव भरून काढणं हे आपलं काम आहे.

हे जमतं याची उदाहरणं आहेत. चित्तप्रसाद या चित्रकारानं १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात मिदनापूर जिल्हा पायाखाली घातला. त्यांच्याकडं कागद आणि शाई होती. त्यांनी मरणाऱ्या, मेलेल्या माणसांची रेखाटनं केली आणि त्यासोबत अनेकांचं नाव, गाव, धंदा, घरात कोण कोण होतं, जमीन कशी गेली हे लिहून ठेवलं. त्याचं 'हंग्री बेंगॉल' हे पुस्तक निघालं, आणि निघताच इंग्रज सरकारनं प्रती जप्त करून नष्ट केल्या. सरकारला त्या चित्रांची भीती वाटली यात नवल नाही. भुकेच्या 'नमुन्या'ला उत्तर द्यावं लागत नाही. अमक्या गावच्या अमक्याला अमक्यानं कसं लुबाडलं, हे लिहिलं की कुणाला तरी जबाब द्यावा लागतो. त्याच दुष्काळात सुनील जाना या तरुण छायाचित्रकाराचे फोटो देशभर पोचले. दोघं एकाच पक्षाच्या पत्रासाठी, एकाच हेतूनं हिंडत होते. नावं लिहून घ्यायला वेगळं यंत्र लागत नाही, थांबून बोलावं लागतं, एवढं मला त्यातून दिसतं.

आणि आपल्या घराजवळचं उदाहरण तर दगडात कोरलेलं आहे. अजिंठा गावात पारोची कबर आहे. रॉबर्ट गिल हा मद्रास लष्करातला अधिकारी १८४४ च्या सुमारास अजिंठ्याच्या लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायला आला आणि इथलाच झाला. वर्षानुवर्षं खपून केलेली त्याची बहुतेक तैलचित्रं १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. पुढं त्यानं कॅमेऱ्यानं लेणी टिपली. मराठवाड्यातल्या पहिल्या छायाचित्रकारांत त्याला धरावं लागेल. त्याची सखी पारो २३ मे १८५६ ला गेली, आणि त्यानं तिच्या कबरीवर तिचं नाव आणि तारीख कोरून घेतली. म्हणून आज अजिंठ्याचं शेंबडं पोरही पारोचं नाव घेतं. त्या गावात त्या काळात हजारो बायका जन्मल्या आणि मेल्या. ज्या एकीचं नाव कुणी प्रेमानं लिहून ठेवलं ती अजून गावात आहे.

आता आमच्या तालुक्याच्या गावची गोष्ट. फार जुनी नाही.

बसस्टँडसमोर एक फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या दाखल्याला, लग्नाला, एसटीच्या पासला, सगळ्या पंचक्रोशीचे फोटो तिथंच निघायचे. मागं काश्मीरच्या तळ्याचा पडदा, पुढं एक लाकडी खुर्ची, आरशाजवळ पावडरचा डबा आणि दात मोडलेला कंगवा. लहानपणी मला त्या दुकानातली सगळ्यात भारी वस्तू वाटायची ती म्हणजे लाल कापडी पाठीचं लांबोडकं रजिस्टर. दुकानदार काका प्रत्येक फोटो काढला की त्यात ओळ लिहायचे: निगेटिव्हचा नंबर, नाव, गाव, किती कॉपी, किती जमा, किती बाकी. निगेटिव्ह बटरपेपरच्या पाकिटात जायची आणि पाकिटावर तोच नंबर. माणूस दहा वर्षांनी आला, 'माय गेली, तिचा फोटो करून द्या' म्हणाला, की काका साल विचारायचे, रजिस्टर काढायचे, बोट फिरवत खाली यायचे आणि पाकीट शोधून काढायचे. मेलेल्या माणसाचा फोटो घरात लागण्याआधी त्या रजिस्टरातनं जायचा.

काकांनी हे काही इतिहासासाठी केलं नव्हतं. बाकी वसूल करायची होती म्हणून केलं. पण राजा बहादूर मुसव्विर जंग यांच्या दुष्काळी अल्बमात जे नाही ते या रजिस्टरात होतं. प्रत्येक चेहऱ्याला नाव आणि प्रत्येक नावाला गाव.

काका गेल्यावर दुकानात मोबाईल रिचार्जचं काउंटर आलं. काचेच्या जुन्या प्लेटा कुणीतरी सोड्याच्या पाण्यात घालून खरवडल्या आणि काच फ्रेमवाल्याला दिली. फिल्मच्या निगेटिव्ह पोत्यानं भंगारात गेल्या, चांदी निघते म्हणून. रजिस्टरं रद्दीत गेली. मला कळलं तेव्हा सहा महिने उलटून गेले होते. मी रद्दीवाल्याकडं गेलो. तो बिचारा म्हणाला, "आधी सांगायचं नव्हतं का." मी कुणाला दोष देऊ? ज्याच्या घरात जागा नाही, ज्याला दुकानाचं भाडं भरायचंय, त्यानं गावाचा इतिहास फुकट सांभाळायचा ही अपेक्षाच मुळात चूक आहे. विचारायला यायला हवं होतं ते दुसऱ्या कुणीतरी. कुठलीतरी संस्था, विद्यापीठ, वाचनालय. ते कुणी आलं नाही. असे स्टुडिओ मराठवाड्याच्या प्रत्येक तालुक्यात होते. काही ठिकाणी माळ्यावर पोती अजून असतील.

१९७२ चं तर विचारूच नका. आमची आजी त्या वर्षी पंचविशीची होती. दुष्काळी कामावर रस्त्याची खडी फोडायला जायची. दिवसभर हातोडा, संध्याकाळी खडीच्या ढिगाची मोजणी, मुकादमाची कटकट, दुपारी लेकरांना सुकडी, घरी लाल मिलो ज्वारीची भाकरी, जी थापताना तुटायची. हे सगळं ती कालच झाल्यासारखं सांगते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर जवळपास ५० लाख माणसं अशी कामांवर होती. स्वतंत्र भारतातली दुष्काळी मदतीची ही सगळ्यात मोठी कामगिरी समजतात. तिच्यातूनच रोजगार हमीचा १९७७ चा कायदा पक्का झाला, आणि त्याच कल्पनेवर पुढं २००५ चा देशाचा कायदा उभा राहिला. आज ज्या रस्त्यांवरनं गाड्या पळतात आणि ज्या पाझर तलावांवर विहिरींना पाणी येतं त्यातले कितीतरी या ५० लाखांच्या हातचे आहेत.

मी आजीला विचारलं, तुमचा त्या वेळचा एखादा फोटो आहे का.

"खडी फोडताना कोण फोटो काढीन आमचा? सायेब आले की निघायचा फोटो. पर त्यो सायबाचा. आमी मागं."

आमी मागं. मी नंतर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळल्या, तेव्हा खरोखर तसेच फोटो दिसले. पुढं टोपी, हार, जीप. मागं ओळीनं बायका, डोक्यावर पदर, काहींचे चेहरे मुंगीएवढे. पुढच्यांची पदासकट नावं छापलेली. मागच्यांसाठी एकच शब्द, 'मजूर'.

यातली खरी कोंडी आजीच्याच बोलण्यातनं माझ्या लक्षात आली. ती म्हणाली, नाव कसं नव्हतं, रोज हजेरी व्हायची की. मस्टरवर नाव असायचं, त्यापुढं अंगठा. म्हणजे नावं लिहिली जात होती, रोजच्या रोज, सरकारी शाईनं. चेहरे वर्तमानपत्राच्या फायलीत आणि नावं कचेरीच्या मस्टरवर, आणि दोघांची गाठ कुणी घालून दिली नाही. मस्टरची मुदत संपली की नियमानं कागद नष्ट होतो. फायलीतला कागद पिवळा पडून तुकडे होतो.

हे फक्त जुन्या काळाचं दुखणं असतं तर मी एवढं लावून धरलं नसतं. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर मोबाईल ॲपवर हजेरी सक्तीची झाली: मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा, जागेच्या अक्षांश-रेखांशासकट. म्हणजे दीनदयाळांनी आयुष्यात काढले नसतील इतके फोटो आता एका जिल्ह्यात काही दिवसांत निघत असतील. ते फोटो काम खरंच झालं की नाही ते तपासायला. फोटो चढला नाही, रेंज नसली, की मजुरी अडते. कुण्या बाईला त्यातली एक प्रत घरी लावायला मिळाली, असं मी ऐकलेलं नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी घेऊन. तिचे फोटो सगळ्या देशानं पाहिले. टाक्या दिसतात, इंजिन दिसतं. घागर घेऊन रात्रभर रांगेत जागलेल्या लातूरकरांपैकी किती जणांचं नाव त्या फोटोंखाली आहे?

आता यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. नाव छापणं म्हणजे उपकारच असं नाही. अमेरिकेतल्या १९३६ च्या मंदीत डोरोथिया लँग या थोर छायाचित्रकर्तीनं कॅलिफोर्नियात मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. तो जगातल्या सगळ्यात जास्त छापल्या गेलेल्या फोटोंपैकी एक झाला. त्या बाईचं नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, हे जगाला कळलं १९७८ मध्ये, आणि कळलं तेव्हा ती त्या फोटोवर खूश नव्हती. तिला वाटत होतं की आपल्याला न विचारता आपली गरिबी जगभर लावली गेली आणि आपल्या हाती त्यातलं काही आलं नाही. आपल्याकडं २०१९ ला बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांची बातमी झाली तेव्हा बाहेरून कॅमेरे आले. त्या बायकांची नावं आणि चेहरे झाकणंच योग्य होतं. उद्या त्यांना त्याच गावात नांदायचं असतं.

म्हणून मी 'विचारून' हा शब्द आधीच घातला आहे आणि तो माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचा आहे. नाव लिहून ठेवणं वेगळं आणि चव्हाट्यावर लावणं वेगळं. ज्याला नको आहे त्याचं नाव पन्नास वर्षं बंद पाकिटात राहू दे. ज्याला फोटोच नको आहे त्याचा फोटो त्याला परत द्या. पण आजवर आपण त्या माणसांसाठी नकार गृहीत धरत आलो, आणि खरं तर तेही नाही, त्यांना विचारण्याजोगं समजलोच नाही. आजीला मी विचारलं, तुझा खडी फोडतानाचा फोटो मिळाला असता आणि कुठं लावला असता तर चाललं असतं का. ती म्हणाली, "का नाही चालणार? चोरी केली का मी?"

दुसरा आक्षेप पैशाचा. जिथं पिण्याच्या पाण्याचे वांधे आहेत तिथं फोटो जपायला पैसा कुठून आणायचा? मी या प्रश्नाची टिंगल करणार नाही. पण खर्च कशाचा आहे ते तरी बघू. दीनदयाळ यांच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रानं घेतल्या. त्या तिथं नीट आहेत, तिथंच राहू देत. आपल्याला काच नको आहे, आपल्या मुलखाच्या उत्तम प्रती हव्या आहेत. लंडनचंही तसंच. मागणी विद्यापीठानं किंवा राज्य सरकारनं अधिकृतपणे करायची आहे. काढणारा जाऊन एकशे वीस वर्षं झाली आहेत, तेव्हा हक्काची अडचण उरली नसावी. आपल्याकडं छत्रपती संभाजीनगरला आणि नांदेडला विद्यापीठं आहेत, इतिहासाचे विभाग आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेची हजारो पोरं दरवर्षी गावागावांत शिबिरं करतात. सात दिवसांच्या शिबिरात गटार साफ करतात, ते करावंच. त्यातले दोन दिवस गावातल्या जुन्या माणसांकडं बसावं, भिंतीवरच्या तसबिरी आणि पत्र्याच्या पेटीतले फोटो जागेवरच स्कॅन करावेत, मूळ फोटो घरीच ठेवावा, मागं कोण उभं आहे ते विचारून लिहावं. बंद पडलेल्या स्टुडिओवाल्याला त्याच्या निगेटिव्हचे भंगारवाल्यापेक्षा चार पैसे जास्त द्यावेत. एवढं करायला धरण बांधावं लागत नाही.

आणि हे कुठं ठेवायचं, तर कुलपात नको. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्राम दिन करतो, झेंडा होतो, भाषणं होतात. त्या दिवशी प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात त्या तालुक्याचे जुने फोटो भिंतीवर लावावेत आणि खाली कोरी जागा सोडावी. ज्याला ओळख पटेल त्यानं येऊन सांगावं. मी खात्रीनं सांगतो, रांग लागेल. आपल्याकडं माणूस माणसाला भेटला की पहिला प्रश्न 'कोण्या गावचे' हाच असतो, आणि दुसरा 'कुणाचे'.

त्या औरंगाबादच्या तरुणांची नावं आता मिळणार नाहीत. त्यांच्या मदतछावणीचं एखादं रजिस्टर कुठं शिल्लक असेल तर असेल, माझा भरवसा नाही. पण निदान त्यांचा फोटो त्यांच्या शहरात, मराठीत आणि उर्दूत ओळ लिहून लागावा. त्या ओळीत 'नमुने' हा शब्द नसावा. माणसं असं लिहावं.

फोटो पाहिल्याच्या रात्री मी वही घेऊन आजीजवळ बसलो. म्हटलं, तुझ्या टोळीत खडी फोडायला कोण कोण होत्या ते सांग. ती बोटांची पेरं मोजत सांगत गेली. नाव, मग नवऱ्याचं नाव, मग माहेर. चौदा झाली. टोळी पंधरा जणींची होती हे तिला पक्कं आठवत होतं, पण पंधरावी काही केल्या सुचेना. तिच्या हनुवटीवर गोंदण होतं, ती हातोडा डाव्या हातानं मारायची, एकदा तिच्या बोटाचं नख गेलं होतं, हे सगळं आठवलं. नाव नाही. "मरू दे," असं म्हणून ती कूस बदलून झोपली.

पहाटे पाच-साडेपाचला तिनं मला हलवून उठवलं. लाईट गेली होती. तिनं ते नाव सांगितलं, माहेर सांगितलं, आणि मी मोबाईलच्या उजेडात वहीत पंधरावी ओळ लिहिली. ती नावं मी इथं देत नाही. त्यातल्या नऊ जणी आता नाहीत, सहा आहेत, आजी धरून. बाकी पाच जणींच्या आणि नऊ घरांच्या दाराशी आधी जायचं आहे.